गिलाव्याची परवानगी

भिंतीचा निम्म्याहून जास्त भाग पाडून पुन्हा बांधायचा असेल तर आयुक्तांना नोटीस द्यायची. तेवढा नसेल तर द्यायची गरज नाही. मुंबईतल्या जुन्या इमारतींमधल्या किरकोळ फेरबदलांना परवानगी कधी लागावी आणि कधी लागू नये, याचा लेखी इतिहास मांडायचा तर या हिशेबापासून सुरुवात करायला हवी. हा हिशेब १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ३४२व्या कलमात मांडला गेला. इमारतीची बाहेरची भिंत, दोन घरांमधली सामाईक भिंत किंवा छपराचा भार घेणारी भिंत जोत्याच्या वर निम्म्याहून अधिक काढायची वा पुन्हा उभारायची असेल तर नोटीस, आणि हा निम्मा भाग मोजायचा चौरस फुटांत. सांगाड्यावर उभ्या असलेल्या इमारतींना माप वेगळं होतं. तिथे भिंतीतले खांब मोजायचे आणि निम्म्याहून जास्त खांब बदलायचे असतील तर कळवायचं. एका खोलीच्या दोन खोल्या करायच्या असतील, जाण्यायेण्याच्या वाटेची खोली करायची असेल, किंवा रस्त्याच्या ठरलेल्या रेषेत शिरलेला भाग काढून पुन्हा बांधायचा असेल, तरीही नोटीस हवीच.

इतक्या नेमक्या मापाचा कायदा कोणत्या काळजीपोटी लिहिला गेला, ते त्याच्या कलमांवरूनच कळतं. रस्ता रुंद व्हावा, हवा-उजेड मिळावा, एका खोलीत माणसं कोंबली जाऊ नयेत, ही ती काळजी. दुरुस्तीच्या नावाखाली हळूहळू सगळं घर नवं करून घ्यायचं आणि नव्या बांधकामाला लागणारे नियम चुकवायचे, ही पळवाट बंद करण्यासाठी ‘निम्म्याहून अधिक’ ही रेघ ओढलेली दिसते. घर जुनं आहे, त्याच्या घडणीत काही मोल आहे, हा विचार या कलमात कुठेच नाही. १८८८ साली तो असण्याचं कारणही नव्हतं. फोर्टच्या तटबंद्या पाडून जेमतेम पंचवीस वर्षं होत होती. आज आपण ज्यांना वारसा म्हणतो त्यातल्या कित्येक इमारतींचा चुना तेव्हा ओला होता आणि कित्येकींचा पायाही खणलेला नव्हता.

पण या मापाचा एक परिणाम इतिहासाच्या अभ्यासकाला आजही भोवतो. गिरगावातल्या एखाद्या वाडीत दुमजली लाकडी घर आहे, असं धरू. सागवानी खांब, त्यांच्यामध्ये विटांची चिणाई, वर मंगलोरी कौलं. पावसाच्या बाजूच्या भिंतीत दहा खांब आहेत. त्यातले तीन बुंध्याशी कुजले म्हणून मालकानं ते बदलले. पाच-सहा वर्षांनी आणखी दोन बदलले. दोन्ही वेळा काम निम्म्याच्या आत, म्हणजे नोटीस नाही. नोटीस नाही म्हणजे अर्ज नाही, नकाशा नाही, देखरेखीवरच्या माणसाचं नाव नाही. पालिकेच्या दप्तरात त्या भिंतीचे निम्मे खांब बदलल्याची एक ओळही उरत नाही. परवानगीचे नियम कारभारासाठी केले जातात खरे, पण त्यांच्यामुळेच दप्तर तयार होतं, आणि ज्या कामाला परवानगी लागत नाही ते दप्तराबाहेर राहतं. त्यामुळे जुन्या इमारतींच्या किरकोळ फेरबदलांचा इतिहास लिहिताना कागद जिथे गप्प बसतात, तिथे प्रत्यक्ष लाकूड आणि दगड वाचावे लागतात.

३४२व्या कलमाला जोडलेल्या परंतुकात आणि स्पष्टीकरणात ही मुकी जागा आणखी रुंद झालेली दिसते. ‘टेनंटेबल रिपेअर्स’, म्हणजे घर राहण्याजोगं ठेवण्यासाठीच्या दुरुस्त्या, यांना नोटीस लागत नाही. त्यात काय येतं, याची यादीच दिली आहे. भिंतींना आणि भार घेणाऱ्या भागांना गनायटिंग, गिलावा, रंग, दगड-विटांच्या दरजा भरणं, जमिनीच्या फरशा बदलणं, संडास-मोरीची दुरुस्ती, सांडपाण्याचे नळ, तोट्या, विजेची जोडणी, आणि जुन्याच प्रकारचं साहित्य वापरून छप्पर बदलणं. काय येत नाही, तेही सांगितलं आहे. इमारतीची लांबी-रुंदी-उंची बदलणं, भार घेणाऱ्या भिंतीचे घटक काढणं वा बदलणं, जोतं किंवा जमीन खाली नेणं, पोटमाळा घालणं किंवा वाढवणं, छप्पर सपाट करणं वा वेगळ्या साहित्यानं दुरुस्त करणं. गनायटिंग, म्हणजे हवेच्या दाबानं सिमेंटचा मारा करण्याचं तंत्र, यादीत आहे, त्यावरूनच हे स्पष्टीकरण १८८८चं नसून पुढे कधीतरी जोडलेलं आहे हे दिसतं. कौलांच्या जागी पत्रे टाकायला नोटीस लागते आणि कौलांच्या जागी कौलं घालायला लागत नाही, ही तरतूद तर नकळत वारसा जपणारी आहे.

या यादीत ‘गिलावा, रंग, दरजा’ एका दमात येऊन जातात. जुन्या इमारतीचं नशीब मात्र बहुतेक वेळा याच तीन कामांनी ठरतं. मुंबईच्या जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. मालाडचा पिवळसर दगड, कुर्ल्याचा दगड, पोरबंदरचा फिका चुनखडीचा दगड, भाजलेल्या विटा आणि त्यांना धरून ठेवणारा चुना हे सगळं ओल शोषतं आणि बाहेरही टाकतं. पावसाळ्यात आत गेलेलं पाणी हिवाळ्यात भिंतीच्या अंगातून निघून जातं. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, किंवा दरजांमधला चुना खरवडून सिमेंट भरलं, की बाहेर पडायची वाट बंद होते. मग ओल मऊ दगडातून वाट काढते, तिच्यासोबत आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साचून घट्ट होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. दरज शाबूत आणि दगड आत गेलेला, असं दृश्य फोर्टात नीट पाहिलं तर कुठेही दिसेल. सांगाड्याच्या घरात हीच ओल खांबाच्या बुंध्याशी अडकते आणि सागही कुजतो. दगडावर फासलेला चकचकीत तैलरंगही हेच करतो. कायद्याच्या नजरेत हे घर राहण्याजोगं ठेवणं होतं. इमारतीच्या अंगाला मात्र ती इजा होती.

१९४७ नंतर या कामांचा वेग वाढण्याची सगळी कारणं जमून आली. भाडेनियंत्रणाच्या कायद्यानं जुनी भाडी १९४०च्या सप्टेंबरच्या पातळीवर गोठली आणि मालकाला चुन्याचा गवंडी परवडेनासा झाला. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींच्या अ, ब, क अशा प्रतवाऱ्या ठरल्या, आणि १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात गेल्या. मंडळानं असंख्य कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर टिकवलं, हे कमी लेखता येणार नाही. पण मंडळाचं काम पडू पाहणारी इमारत उभी ठेवण्याचं होतं. लाकडी तुळईखाली लोखंडी तुळई, कोरीव कठड्याच्या जागी विटांचा कठडा, सज्जा धोकादायक झाला तर तो कापून टाकणं, या रीतीनं ते झालं.

दरम्यान १९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला. त्याच्या ४३व्या कलमानं परवानगीशिवाय विकासकाम करायला मनाई केली आणि लगेच अपवादही सांगितले. पहिलाच अपवाद देखभाल, सुधारणा आणि फेरबदलांचा आहे. काम फक्त इमारतीच्या आत होणार असेल, किंवा बाहेरच्या रूपात लक्षणीय फरक पाडणार नसेल, तर परवानगी नको. ही शब्दरचना इंग्लंडच्या १९४७च्या नगररचना कायद्यातून जवळजवळ जशीच्या तशी आलेली आहे. ज्या देशातून ती आली, तिथे दोनच वर्षांनी, १९६८ साली, यादीतल्या ऐतिहासिक इमारतींसाठी स्वतंत्र परवानगीची पद्धत कायद्यात आली आणि तिथला निकष बदलला. काम आत आहे की बाहेर, मोठं आहे की लहान, हे बाजूला राहिलं, आणि त्या कामानं इमारतीच्या वैशिष्ट्याला बाध येतो का, एवढं पाहिलं जाऊ लागलं. आपल्याकडे जुना अपवाद १९६६पासून २८ वर्षं तसाच राहिला. त्या काळात एखाद्या जुन्या हवेलीतला कोरीव लाकडी जिना काढून टाकायचा झाला, तर ते ‘आतलं’ काम म्हणून नगररचनेच्या परवानगीबाहेर राहू शकत होतं.

१९९४चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ३९ हा या सगळ्या कागदपत्रांतला सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे. त्यानं १९६६च्या कायद्यात वारसा इमारत आणि वारसा परिसर यांच्या व्याख्या घातल्या. ‘विकास’ या संज्ञेतच वारसा इमारतीतला किंवा तिच्या परिसरातला लक्षणीय अथवा रचनेतला बदल समाविष्ट केला. आणि ४३व्या कलमातल्या त्या पहिल्या अपवादाच्या शेवटी, वारसा इमारत किंवा वारसा परिसर वगळून, अशा अर्थाची एवढीशी पुस्ती जोडली. आतलं काम, बाहेरून न दिसणारं काम, किरकोळ काम ही सगळी सूट वारसा इमारतींपुरती त्या पुस्तीनं काढून घेतली. पुढच्या वर्षीच्या वारसाविषयक अधिसूचनेवर खूप लिहिलं गेलं आहे. पण ती अधिसूचना ज्या जोत्यावर उभी आहे ते या दुरुस्तीचं आहे.

ती अधिसूचना २१ एप्रिल १९९५ची. तिचा क्रमांक डीसीआर १०९०/३१९७/आरडीपी/यूडी-११ असा आहे. नगरविकास खात्याच्या फायलींच्या क्रमांकात पहिल्या आकड्याचे शेवटचे दोन अंक साल दाखवतात, ही पद्धत लक्षात घेतली तर ही फाइल १९९०ची ठरते. बृहन्मुंबईची विकास नियंत्रण नियमावली २० फेब्रुवारी १९९१ रोजी ज्या अधिसूचनेनं मंजूर झाली, तिच्याही क्रमांकात हाच १०९० आहे. म्हणजे वारशाचा नियम त्याच टेबलावरून निघालेला, पण चार वर्षं मागे राहिलेला दिसतो. मार्च १९९५मध्ये राज्यात सत्तांतर झालं आणि नव्या सरकारचे पहिले काही आठवडे सरत असतानाच अधिसूचना निघाली. सरकार बदललं तरी फाइल थांबली नाही. त्यामागे नागरिकांचा किती रेटा होता, हे बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपचे श्याम चैनानी यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथातून कळतं. एका नियमामागे किती पत्रं, किती खेटे आणि किती स्मरणपत्रं असतात, हे ज्यांना समजून घ्यायचं असेल त्यांनी तो ग्रंथ जरूर पाहावा.

या अधिसूचनेनं नियमावलीत ६७वा नियम आणला आणि सहाशेहून अधिक वास्तू व परिसरांची यादी लागू केली. नियमाच्या दुसऱ्या खंडात मनाईची कामं मोजली आहेत. विकास, पुनर्विकास, भर, फेरबदल, दुरुस्ती, नूतनीकरण, खास वैशिष्ट्यं बदलणं, पाडकाम, आणि यांच्याच बरोबरीनं रंगकाम आणि गिलावा. आयुक्तांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय यातलं काहीही करायचं नाही, आणि आयुक्तांनी वारसा समितीच्या सल्ल्यानं वागायचं. समितीचं मत डावलायचं झालं तर कारणं लेखी नोंदवायची, आणि डावलण्याचा तो अधिकार दुसऱ्या कोणा अधिकाऱ्याकडे सोपवता येणार नाही.

३४२व्या कलमाचं स्पष्टीकरण आणि ६७वा नियम शेजारी ठेवून वाचले की पूर्ण उलटापालट दिसते. पहिल्या कागदात गिलावा आणि रंग ही इतकी क्षुल्लक कामं आहेत की कळवायचीही गरज नाही. दुसऱ्यात तीच कामं पाडकामाच्या पंगतीत बसली आहेत. दोन्ही कायदे एकाच शहरात, एकाच आयुक्तांकडे, एकाच वेळी लागू. यादीतल्या इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूला वर्षानुवर्षं माहीत असलेला नियम एका दिवसात फिरला, आणि तो का फिरला हे त्याला समजावून सांगणारा कागद कोणी काढला नाही. चुन्याच्या भिंतीला सिमेंट का मानवत नाही, हे एका पानात छापून घरोघर वाटलं असतं तर पुढचा बराच संताप टळला असता, असं मला मनापासून वाटतं.

नियम सगळ्यांना सारखा कडक नाही, हे त्याच्या श्रेणींवरून दिसतं. पहिल्या श्रेणीत आतही आणि बाहेरही हस्तक्षेप नको. इमारत बळकट करण्यासाठी आणि तिचं आयुष्य वाढवण्यासाठी अगदी आवश्यक तेवढाच, मूळ रूपाशी जुळणारा बदल चालेल. दुसऱ्या ‘अ’मध्ये आतले बदल साधारणपणे मान्य, बाहेरचे तपासून. दुसऱ्या ‘ब’मध्ये त्याच आवारात जोडबांधकामालाही काही अटींवर वाव. तिसऱ्या श्रेणीत आतले-बाहेरचे बदल बहुतांशी मान्य, फक्त मूळ रूपाला उणेपणा येता कामा नये.

‘आतले बदल साधारणपणे मान्य’ या शब्दांचा अर्थ काय होऊ शकतो, ते काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनपाशी उभं राहिल्यावर कळतं. हे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. इंग्लंडात ओतलेला बिडाचा सांगाडा जहाजानं आणून १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे जोडला गेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ इथेच झाला. हॉटेल बंद पडल्यावर त्याच्या खोल्यांची छोटी घरं, कार्यालयं आणि दुकानं झाली. फळ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, पोटमाळे आले, मोकळे सज्जे बंदिस्त झाले. यातलं प्रत्येक काम त्या-त्या भाडेकरूच्या गरजेपुरतं, लहानसंच. १८८८च्या कायद्याप्रमाणे खोलीची विभागणी आणि पोटमाळा यांना नोटीस लागत होती. १९९५च्या नियमाप्रमाणे परवानगी लागत होती, पण ही इमारत दुसऱ्या ‘अ’ श्रेणीत असल्यानं आतल्या बदलांना ती साधारणपणे मिळण्याजोगी होती.  जुलै २००५मध्ये सज्ज्याचा भाग कोसळला. २०१९ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इमारत रिकामी करण्यात आली. बिडाच्या खांबांवर दीडशे वर्षांत चढलेला भार एका कोणाच्या निर्णयानं चढला नाही, आणि म्हणूनच तो कोणत्याही एका परवानगीत सापडणार नाही.

रस्त्यापलीकडे थोडं चालत गेलं तर दादाभाई नौरोजी रस्ता लागतो, आणि तिथला इतिहास मात्र दोन्ही टोकांनी कागदावर आहे. हा पूर्वीचा हॉर्नबी रोड. तटबंदी गेल्यावर तो रुंद झाला, आणि १८९६च्या नियमानं इथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी सलग कमानींची ओसरी ठेवणं बंधनकारक केलं. वरचे मजले कोणी गॉथिक केले, कोणी नवअभिजात, कोणी इंडो-सारासेनिक. खालची सावली मात्र सगळ्यांना सामाईक. शंभर वर्षांत त्या कमानी दुकानांच्या पाट्यांनी झाकल्या. पाटी म्हणजे सगळ्यात किरकोळ फेरबदल. तिचा परवाना महापालिका अधिनियमाच्या जाहिरातविषयक कलमांतून मिळतो, आणि परवाना देणाऱ्या कारकुनानं पाटीमागची कमान पाहणं अपेक्षित नसतं. ६७व्या नियमानं ही फट ओळखली होती. वारसा स्थळांवरच्या पाट्या, जाहिरात-फलक आणि रस्त्यावरचं सामान यांच्यासाठी आयुक्तांनी समितीच्या सल्ल्यानं मार्गदर्शक नियम करावेत, असं त्यात म्हटलं आहे.

१९९८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे या रस्त्याचा अभ्यास सोपवला. पाटी कमानीच्या पोकळीत बसावी, तिनं कमानीचा वळसा, खांबाचा माथा, कंगोरा झाकू नये, अशा साध्या, मोजता येणाऱ्या गोष्टी लिहून काढल्या गेल्या. पुढे दुकानदार आणि रहिवासी ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ म्हणून एकत्र आले. या रस्त्याच्या कामाला २००४ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. कमान झाकायची नाही म्हणजे नक्की काय करायचं, हे दुकानदाराला चित्रासकट दाखवलं गेलं होतं, म्हणून त्याला ते पटलं. नोटिशीच्या धाकानं एवढं साधलं नसतं.

याच्या अगदी उलट प्रसंग २०१२चा. ३१ जुलै रोजी पालिकेनं आणखी ९४८ वास्तू आणि परिसरांची यादी हरकती-सूचनांसाठी जाहीर केली आणि तीत दादरचा शिवाजी पार्क परिसर होता. शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी मोठा विरोध केला. पुनर्विकास अडेल, ही धास्ती मोठी होतीच. पण घराला रंग द्यायलाही आता समितीकडे जायचं का, हा प्रश्नही त्यामागे होता. नियम वाचणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं देता येत नव्हतं, कारण रंगकाम हा शब्द नियमात होता आणि कोणतं रंगकाम, कोणत्या श्रेणीत, कोणत्या मर्यादेपर्यंत, याची फोड नव्हती. हरकती ऐकायला माजी मुख्य सचिव दिनेश अफझुलपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

२०१८ साली नवी नियमावली आली, आणि ६७वा नियम तिच्यात ५२व्या क्रमांकावर गेला. ३४२वं कलम आपल्या यादीसह जागच्या जागी आहे. या दोन कागदांमध्ये जो तिसरा कागद हवा तो म्हणजे यादीतल्या इमारतींसाठीचं स्पष्टीकरण, ३४२व्या कलमाच्या स्पष्टीकरणाइतकंच रोखठोक. चुन्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा, चुन्याची दरज, श्वास घेणारा रंग, कौलाला कौल, सागाला साग, पूर्वी होती त्या मापाची खिडकी हे वॉर्ड ऑफिसातल्या अभियंत्यानं पाहून, फोटो जोडून, नोंदवहीत टिपून ठरलेल्या मुदतीत मोकळं करावं. सिमेंट, तैलरंग, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि बंदिस्त सज्जे समितीपुढे जावेत. इंग्लंडनं २०१३ साली यादीतल्या इमारतींसाठी अशाच धर्तीचा एक दाखला कायद्यात आणला. नियोजित कामानं वैशिष्ट्याला बाध येत नाही, एवढं त्यात लिहून मिळतं आणि पूर्ण परवानगीचा फेरा वाचतो. आपल्याकडे हा तिसरा कागद आला तर भाडेकरूचा हेलपाटा चुकेल. आणि गिरगावातलं ते घर यादीत असेल, तर त्याचे पाच खांब केव्हा, का आणि कोणत्या लाकडाचे बदलले, हे पुढच्या अभ्यासकाला वॉर्ड ऑफिसातच सापडेल.